ट्रेलरच्या शेपटीवरचा पैलवान

पैलवानाने आयुष्यात एकही कुस्ती खेळलेली नाही. शाळेत धावण्याच्या शर्यतीत त्याला शिट्टी वाजवायला उभं करत, कारण शिट्टी वाजवायला जागेवरून हलावं लागत नाही. नाव पडलं ते नुसत्या आकारामुळे. बसमध्ये तो चढला की दोघांच्या बाकावर बसलेला माणूस आपणहून उठून उभा राहायचा. केस कापायला गेला की न्हावी आधी खुर्चीकडे बघायचा, मग त्याच्याकडे. या सगळ्यावर तो सर्वांच्या आधी हसून घ्यायचा. आपण आधी हसलो की दुसऱ्याचा विनोद शिळा होतो, हे त्याला लहानपणीच उमगलं होतं.

यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका यार्डात तो कामाला आहे. पत्र्याच्या शेड, तेल पिऊन काळी झालेली जमीन, दारातच काउंटर आणि काउंटरमागे एक फिरती खुर्ची. ज्याला खड्डा खणायचा आहे, भिंत फोडायची आहे, रस्ता दाबायचा आहे, तो इथून यंत्र नेतो. नेतो म्हणजे पैलवान नेऊन देतो. पिकअपच्या हुकाला लावलेला कलता ट्रेलर हा त्याचा पहिला संसार. घरचा दुसरा, असं त्याची बायको म्हणते आणि तो ते नाकारत नाही.

कलता ट्रेलर म्हणजे एक मोठा सी-सॉ. चाकांच्या वर मधोमध बिजागरी, आणि तिच्यावर लाकडी फळ्यांचा लांब डेक. पुढची कडी सोडली की डेकची मागची कड जमिनीला टेकते आणि आयता उतार तयार होतो. यंत्र त्या उतारावरून वर चढवायचं. बिजागरी ओलांडून ते जरासं पुढे गेलं की डेक आपल्या मनाने सावकाश आडवा होतो. मग कडी लावायची, साखळ्या आवळायच्या आणि निघायचं.

सगळी मेख त्या 'जरासं'मध्ये आहे. यंत्र फार पुढे गेलं तर भार हुकावर येतो, पिकअपचं बूड बसतं, तोंड वर होतं आणि स्टिअरिंग हवेत फिरवल्यासारखं लागतं. फार मागे राहिलं तर त्याहून वाईट. हूक हलका पडतो, आणि वेग घेतला की ट्रेलरची शेपटी डावी-उजवीकडे डुलायला लागते. आधी थोडी, मग जास्त, आणि मग आपण ट्रेलरला नेतोय की ट्रेलर आपल्याला, हे ड्रायव्हरला कळेनासं होतं.

यावर पैलवानाची स्वतःची एक तोड होती. ती सापडली थोरल्या मालकांच्या काळात, तो नवा असताना. बिजागरी गंजून डेक अडकला होता, वर रोलर, आणि काही केल्या डेक मागे कलेना. चौघांनी पहारी लावून पाहिल्या. थोरले मालक चहाचा पेला हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "पहारी ठेवा रे. त्या नव्या माणसाला मागच्या कडेवर उभा करा."

पैलवान जाऊन उभा राहिला. डेक कुरकुरला आणि अदबीने खाली आला.

"हा ड्रायव्हर नाही," थोरले मालक म्हणाले, "हे माप आहे. जपून ठेवा."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या वजनाचा कुणाला तरी उपयोग झाला होता. घरी जाऊन त्याने ती हकीकत आईला सांगितली, मग शेजारच्या काकूंना, मग पुन्हा आईला.

तिथून पद्धत पक्की झाली. यंत्र चढवायचं, डेक आडवा होऊ द्यायचा, पण कडी लावायची नाही. मग पैलवानाने मागे जाऊन डेकच्या अगदी कडेला टाचा टेकवून उभं राहायचं. पुढे डेक आणि सांगाडा यांच्यामध्ये बोटभर फट पडली पाहिजे, आणि त्याने एक पाऊल आत घेतलं की ती मिटली पाहिजे. फट पडलीच नाही तर यंत्र फार पुढे आहे. डेक झपकन उठला तर फार मागे आहे. यंत्र कुठलंही असो, त्याच्या पोटात डिझेल किती का असेना, बोटभर फट म्हणजे बोटभर फट. यंत्रं दुरुस्त करणारा यार्डातला मिस्त्री पुढे वाकून फटीत बोट घालायचा आणि ओरडायचा, "बसलं!" मग कडी, मग साखळ्या. इतक्या वर्षांत त्याच्या ट्रेलरची शेपटी कधी हलली नव्हती.

काय न्यायचं आणि काय नाही, हेही तोच ठरवायचा. गिऱ्हाइकांना वाटतं, डेकवर जागा आहे म्हणजे माल बसतो. एकदा एका मुकादमाने रोलर घेतला आणि वर पाण्याची टाकीही हवी म्हणून हटून बसला.

"टाकी भरलेली देता की रिकामी?" पैलवानाने विचारलं.

"अर्धी आहे. अर्धं पाणी वाया कशाला घालवू?"

"मग नाही नेत."

"अहो, भरलेली नेता, रिकामी नेता, अर्धीला काय झालं?"

"भरलेली टाकी गप्प बसते. रिकामी टाकी पण गप्प बसते. अर्धी टाकी म्हणजे लग्नात पिऊन आलेला मेहुणा. प्रत्येक वळणावर ती कुणाच्या तरी अंगावर जाणार."

मुकादमाचा एक मेहुणा तसाच असावा. त्याने निमूटपणे टाकीचा नळ सोडला.

हे सगळं असं सुरळीत चाललेलं असताना पैलवानाचे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले, मग त्याच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "गुडघ्यांचा काही दोष नाही. वर जे ठेवलंय ते कमी करा." बायको शेजारीच उभी होती. तिने औषधाची चिठ्ठीही नीट वाचली नाही. तिला हवं ते वाक्य मिळालं होतं.

बायको शिंपीण आहे. घरातल्या पुढच्या खोलीत तिचं मशीन, भिंतीला टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे आणि गळ्यात सदोदित मापाची फीत. ज्या बाईने हजारो ब्लाउज जागच्या जागी बसवले, तिने नवराही बसवायचं मनावर घेतलं. तळलेलं बंद, साखर बंद, दुसऱ्यांदा वाढणं बंद. डब्यात काकडी.

"अगं, काकडीला कुणी जेवण म्हणतं का?"

"मी म्हणते. आणि डबा मीच भरते."

पहिले काही आठवडे पैलवानाने घराला सुतकी कळा आणली. मग गुडघे गप्प झाले, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, आणि त्याचं त्यालाच बरं वाटायला लागलं. बायकोने त्याच्या पँटी आत घेतल्या. मग पुन्हा घेतल्या. पुढे पुढे त्या इतक्या आत गेल्या की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटले. यार्डात मिस्त्रीने त्याला खालीवर न्याहाळून विचारलं, "पैलवान, उरलेला कुठे ठेवून आलास?"

आणि नेमक्या याच दिवसांत ट्रेलरची शेपटी हलायला लागली.

पहिल्यांदा हलली तेव्हा त्याने वाऱ्याला दोष दिला. दुसऱ्यांदा टायरना. मिस्त्रीने टायर बदलले. मग बेअरिंगला, मिस्त्रीने तीही बदलली. मग हुकाला, मग स्प्रिंगांना, मग रस्ता बांधणाऱ्याला. मिस्त्री म्हणाला, "आता फक्त पिकअपचा रंग बदलायचा राहिलाय." मात्र यंत्र चुकीच्या जागी उभं असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही, कारण प्रत्येक खेपेला पैलवान शेपटीवर उभा राहत होता आणि प्रत्येक खेपेला फट बोटभरच पडत होती. मिस्त्रीचं बोट साक्षीला होतं.

यार्ड आता थोरल्या मालकांची मुलगी चालवते. ती पैलवानाला काका म्हणते, लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून तिने सगळ्या शेड पाहिल्या आहेत. एका दुपारी तिची गाडी योगायोगाने त्याच्या मागे आली. पुलाकडच्या उतारावर ट्रेलर डुलायला लागला. तो आधी या पट्ट्यात गेला, मग त्या पट्ट्यात, आणि समोरून येणाऱ्या बसने हॉर्न दाबून धरला. पैलवानाने ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढून घेतला आणि ट्रेलर शेवटी सरळ झाला. मालकीण यार्डात परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता.

"काका, बसा."

"उभा बरा आहे."

"मी दुसरा ड्रायव्हर बघते. सोमवारपासून तुम्ही काउंटरवर बसा. गिऱ्हाइकांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही."

"ट्रेलरला पण ओळखत नाही."

"आज त्यानेच तुम्हाला ओळखलं नाही," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "बसमध्ये माणसं होती, काका."

ती बरोबर बोलत होती, हे त्याला तिच्याआधी, त्या उतारावरच कळलं होतं.

शनिवारची एक खेप मात्र राहिली होती. टेकडीपलीकडे पाण्याचे पाइप टाकायचं काम अडलं होतं आणि छोटं पोकलेन सकाळीच पोचायला हवं होतं. दुसरा ड्रायव्हर सोमवारआधी येणार नव्हता. मालकीण म्हणाली, "तुम्हीच न्या. सावकाश. मी मागून गाडी घेऊन येते. शेपटी हलली की मी हॉर्न देईन, तुम्ही कडेला लावायचं, आणि पुढे क्रेन बोलवू."

पैलवानाने होकार दिला आणि जाताना काउंटरमागच्या फिरत्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीचं एक चाक तुटकं होतं. यार्डात फक्त तेवढ्याच चाकाला कधी वजन पेलावं लागलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तो इतका लवकर आणि इतका गप्प निघाला की डबा घरीच राहिला. बायकोने डबा उचलला, फीत गळ्यातच राहिली, आणि ती यार्डात आली. तिचा हेतू शुद्ध नव्हता. डबा विसरलेला नवरा वाटेत काय खाईल, याची तिला चांगली कल्पना होती.

ती आली तेव्हा पोकलेन डेकवर चढलेलं होतं. घसरू नये म्हणून एक साखळी तेवढी लावलेली होती. नवरा मागच्या कडेला टाचा टेकवून उभा होता आणि पुढे मिस्त्री फटीत बोट घालून वाकला होता.

"बसलं!" मिस्त्री ओरडला.

"बघ," पैलवान बायकोला म्हणाला, जणू इतका वेळ तीच वाद घालत होती. "बोटभर. मिस्त्रीचं बोट काय खोटं बोलतं? मग माझी चूक कुठे आहे, सांग बरं?"

बायकोला ट्रेलरमधलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण कुठलीही वस्तू समोर आली की ती कुठे झिजली आहे, हे तिची नजर आधी बघते. कोपर, गुडघा, बसायची जागा. तिने फळ्यांकडे पाहिलं.

"हे यंत्र रोज इथेच उभं असतं?"

"याच्यापेक्षा जास्त फेऱ्या कुणाच्या नाहीत. का?"

"मग लाकूड पुढे का झिजलंय?"

पोकलेन ज्यांवर चालतं त्या दोन्ही लोखंडी पट्ट्यांनी वर्षानुवर्षं घासून फळ्यांवर दोन फिकट, खोलगट जागा केल्या होत्या. पोकलेन आत्ता त्या जागांवर नव्हतं. वीतभर मागे होतं.

पैलवान पाहत राहिला. "लाकूड फुगलं असेल," तो म्हणाला.

"फुगलं तर वर येईल. पुढे कशाला जाईल? आणि हा डबा घ्या आधी." असं म्हणून ती मागच्या कडेवर चढली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली.

पुढे मिस्त्री किंचाळला. फटीतून बोट काढून घेताना त्याने देवाचं नाव घेतलं की स्वतःच्या बायकोचं, ते ऐकू आलं नाही. डेकची पुढची कड बोटभरावरून वीतभर झाली, वीतभरावरून हातभर, आणि मागची कड या नवरा-बायकोला घेऊन, एखाद्या दुकानातल्या लिफ्टसारखी शांतपणे, खाली जमिनीवर आली. पोकलेन साखळीने धरलेलं होतं, जागचं हललं नाही. ते फक्त वरून या दोघांकडे वाकून बघत असल्यासारखं दिसत होतं.

"मी काही केलं नाही," बायको म्हणाली.

पैलवान तिच्याकडे बघत होता, मग स्वतःच्या पँटीकडे, मग फळ्यांवरच्या फिकट जागांकडे.

"अगं, माझ्या पँटी तू किती आत घेतल्यास?"

"किती म्हणजे? कापून निघालेल्या कापडात एक पिशवी झाली. हीच, डब्याची."

"नाही, म्हणजे मी किती कमी झालो?"

तिने त्याला मापाच्या नजरेने एकदा वरून खाली पाहिलं. "अख्खी मी नाही. पण अर्धी मी नक्की."

"मग आधी जर मी एकटाच असा उभा राहिलो असतो..."

"तर हे असंच खाली आलं असतं," मिस्त्री पुढून म्हणाला. तो खरचटलेलं बोट चोखत होता. "माप बारीक झालं रे, पैलवान! बोटभर फट पडावी म्हणून आपण यंत्र मागे मागे घेत गेलो. टायर बदलले, बेअरिंग बदलली, आणि बदलला होतास तू!"

मग पैलवान हसायला लागला. डेकच्या कडेवर बसून, डबा मांडीवर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बायको आधी रागावली, मग तीही हसली. आणि हसता हसता त्याच्या चेहऱ्यावर एकदम एक आशा उगवली.

"म्हणजे धंद्यासाठी मला परत..."

"नाही," बायको म्हणाली.

"अगं, पूर्ण वाक्य तर ऐक. मालकिणीचं नुकसान..."

"धंद्यासाठी वजन लागतं ना? मग वाळू घ्या. तिला गुडघे नसतात."

यार्डात वाळूला तोटा नव्हता. त्यांनी पोकलेन पुन्हा चढवलं आणि या वेळी पट्टे त्या फिकट जागांवर तंतोतंत आणून ठेवले. पैलवान शेपटीवर उभा राहिला. पुढे काही उठेना. मिस्त्रीने त्याच्या पायाशी एक गोणी ठेवली आणि फावड्याने वाळू घालायला सुरुवात केली. बायको गोणीचं तोंड धरून उभी होती. "अजून," पैलवान म्हणायचा. "अजून थोडी." इतकं समाधान त्याच्या आवाजात जेवणाच्या ताटावरसुद्धा कधी ऐकलं नव्हतं, असं ती पुढे सांगत असे. अखेरीस पुढची कड थरथरली आणि उचलली. मिस्त्रीने या खेपेस बोट न घालता लाकडाची ढलपी घातली.

"बसलं!"

बायकोने गोणीचं तोंड तिथल्या तिथे दाभणाने शिवून टाकलं, म्हणजे कुणी कमी-जास्त करायला नको.

मालकीण आली तेव्हा तिला सगळी हकीकत तिघांनी एकदम सांगितली, त्यामुळे तिला ती कळायला वेळ लागला. कळली तेव्हा ती हसली नाही. काउंटरच्या खणातून तिने एक खोकं काढलं. हुकावर किती भार आहे, ते दाखवणारा छोटा काटा त्यात होता. तिने तो मागेच आणला होता, आणि काकांना वाईट वाटेल म्हणून खणात ठेवून दिला होता.

"हा लावून बघायचा, काका?"

आठवड्यापूर्वी पैलवान यावर बरंच काही बोलला असता. आता म्हणाला, "लाव. मी स्वतःला माप समजत होतो आणि स्वतःचं माप घ्यायचं मात्र राहून गेलं."

काट्याने सांगितलं, भार हवा तेवढा आहे. काटा आणि गोणी यांचं एकमत झालं. पण रस्त्याचं मत अजून यायचं होतं.

पैलवान पिकअपमध्ये बसला. आरशात मालकिणीची गाडी दिसत होती. शहरातून बाहेर पडेपर्यंत त्याने वेग वाढवलाच नाही. टेकडीचा चढ संपला आणि पलीकडचा लांब उतार सुरू झाला, तसे त्याचे कान मागे लागले. उतारावर पिकअप आपणहून पळू पाहत होती आणि तो तिला आवरत होता. पुलाच्या वेळी अशाच उतारावर स्टिअरिंगमध्ये एक आळस आला होता, मागे कुणीतरी कूस बदलल्यासारखा. तो त्याची वाट बघत होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. समोरून एक मोठी लॉरी हवा ढकलत गेली, आणि त्या धक्क्याने ट्रेलर एकदा किंचित सरकला व लगेच जागेवर आला. स्टिअरिंग हातात घट्ट, जडसर, ओळखीचं होतं.

हॉर्न वाजला.

त्याने आरशात बघितलं, शेपटी सरळ होती. तरी शब्द दिला होता म्हणून त्याने गाडी कडेला घेतली. मालकीण खाली उतरून खिडकीशी आली.

"हलली?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग हॉर्न का दिलास, बाई? जीव गेला ना माझा!"

"तुम्ही इतके हळू चाललाय की माझ्या मागे पार टेकडीच्या माथ्यापर्यंत गाड्या लागल्यात. जरा नेहमीसारखे चला."

पोकलेन वेळेत पोचलं. सोमवारी दुसरा ड्रायव्हर आला नाही, कारण त्याला रविवारीच फोन गेला होता. फिरत्या खुर्चीचं चाक अजून तसंच आहे.

गोणी आता यार्डातली एक असामी झाली आहे. मिस्त्रीने तिच्यावर रंगाने 'उरलेला पैलवान' असं लिहिलंय. शेपटीवर पाठीला पाठ लावून दोघे उभे राहतात, मग काटा लागतो, मग साखळ्या. आणि बायकोने शिवलेलं ते तोंड अधूनमधून उसवावं लागतं. पँट आणखी आत घेतली की ती यार्डात फोन करते, "मिस्त्री, दोन फावडी वाढवा हो." मिस्त्री पट्टे फिकट जागांवर ठेवतो, वाळू घालतो आणि तोंड पुन्हा बांधतो.

उलटं फक्त एकदाच झालं. बहिणीकडे दोन दिवस राहून पैलवान कामावर आला, शेपटीवर उभा राहिला, आणि पोकलेन नेमक्या जागेवर असतानाही डेक झपकन उठला. मिस्त्रीने पुढून डोकं वर काढलं.

"पैलवान, बहिणीने काय काय केलं होतं रे?"

"काही नाही. साधंच जेवण."

मिस्त्रीने गोणी उसवली, फावडंभर वाळू काढली, डेककडे पाहिलं, आणखी फावडंभर काढली. मग फावडं बाजूला ठेवून खिशातून फोन काढला.

"कुणाला लावतोयस?" पैलवानाने विचारलं.

"वहिनींना," मिस्त्री म्हणाला. "त्यांना सांगतो, डब्यात काकडी वाढवा."